स्ट्रीट फोटो शिकायला कॅटलान (स्पेनमधल्या बार्सिलोनाकडचे) फोटोग्राफर बघालोय, कुणापासून सुरुवात करू?

गल्लीतला_कॅमेरा: मंडळी, मी बेळगावचा, सुट्टीला खडेबाजार, गणपत गल्लीत फोटो काढत फिरतोय. अडचण ही की कॅमेरा डोळ्याला लावला की भाजीवाल्या मावशी पदर सारखा करून ताठ बसतात, आणि मला पाहिजे असते ती त्यांची गिऱ्हाइकाबरोबरची घासाघीस. बार्सिलोनाच्या जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोत माणसं इतकी मोकळी कशी काय दिसतात?

खानापूरकर: जोआन कोलोम बघ पहिला. पेशानं अकाउंटंट, १९५८ पासून बार्सिलोनाच्या रावाल भागात त्याच त्याच गल्ल्यांतनं फिरायचा, लायका कॅमेरा कमरेजवळ धरून, व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या काचेत) न बघताच क्लिक. म्हणून फ्रेम तिरकी, कुणाचं डोकं कापलेलं, पण माणसं आपापल्या नादात. मला त्या कापलेल्या फ्रेमच जास्त आवडतात, गर्दीत उभं राहिलं की तसंच तर दिसतंय.

शहापूरची_सावली: खानापूरकर, अर्धंच सांगितलासा. १९६४ ला त्या फोटोंचं पुस्तक आलं, त्यात एका बाईनं स्वतःला ओळखलं आणि केस केली, मग कोलोमनं कित्येक वर्षं फोटो काढणं जवळपास सोडूनच दिलं. बाई बरोबरच होती, तिला कुणी विचारलंच नव्हतं. आणि आपल्या बाजारात तर सगळे सगळ्यांना ओळखतात, संध्याकाळपर्यंत गोष्ट घरी पोचते.
माझं मत फ्रांसेस्क कताला-रोका. तो खूपदा उंचावरनं काढायचा, कोलंबसच्या स्मारकावरनं खाली बघून काढलेला फोटो शोध, माणूस एवढासा अन् सावली केवढी लांब. चेहरा कळत नाही, पण कोण रमतगमत चाललंय, कोण घाईत आहे ते चालीवरनं लगेच कळतं. (त्याचे वडील पेरे कताला इ पिक, त्यांचं १९३६ चं पोस्टरपण बघ, दोरीच्या तळव्याची चप्पल घातलेला पाय नाझींच्या चिन्हावर पडतोय आणि ते तुटतंय, बस्स एवढंच.)

गल्लीतला_कॅमेरा: पण वरनं काढलं तर घासाघीस कशी मिळणार?

शहापूरची_सावली: हाताची मिळते की. पैसे देणारा हात, पिशवी ओढणारा हात. ओळखीच्या दुकानदाराला विचारून माडीवर जा, सकाळचं तिरपं ऊन असताना.

खानापूरकर: केसचं मान्य. मग असं कर, मावशींना विचारूनच काढ, पुढच्या खेपेला प्रिंट नेऊन दे. दोन-चारदा गेलास की त्या कॅमेऱ्याकडे बघायच्यापण नाहीत, तेव्हा जवळ जाऊन काढ.