टूरिंग मोटरसायकलचा हँडल कोन सेट: नुसता आवळावा की बदलावा?

प्रश्न (वर्धा रोड रायडर)

नमस्कार. माझ्याकडे ४०० सीसी गटातील सिंगल सिलिंडर टूरिंग मोटरसायकल आहे आणि तिचे रनिंग ४० हजार किलोमीटरच्या पुढे गेले आहे. वापर मुख्यतः लांब पल्ल्याचा आहे. नागपूरहून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने उत्तरेला देवलापार, खवासा, सिवनीकडे किंवा दक्षिणेला हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबादकडे जाणे होते. समृद्धी महामार्गावर दुचाकींना परवानगी नसल्यामुळे पश्चिमेकडचा प्रवास जुन्याच रस्त्याने होतो.

अलीकडे हँडल सरळ रेषेत आले की ते तिथेच खाचेत बसल्यासारखे वाटते. साधारण ६० च्या वेगाने सरळ जाताना गाडी किंचित डावीकडे, मग उजवीकडे ओढ घेते आणि ती सावरण्यासाठी हातांना सतत बारीक जोर लावावा लागतो. पुढचा ब्रेक जोरात दाबला, किंवा शहरातील सिमेंट रस्त्यांच्या सांध्यांवरून गाडी गेली, की टाकीच्या पुढच्या बाजूने ‘टक्’ असा ठोका ऐकू येतो. एका वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली असता त्यांनी वरचा नट उघडून आतला नट आवळून दिला. ठोका बंद झाला, परंतु मध्यावरची अडकण वाढली, आणि व्हेरायटी चौकातल्या संथ गर्दीत तोल सांभाळणे आता अधिक कठीण झाले आहे.

मी गाडी खडबडीत रस्त्यांवर फारशी नेत नाही, मग कोन सेट, म्हणजे हँडल ज्यांवर फिरते ती बेअरिंगे, खराब होण्याचे कारण काय असावे? आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या उन्हाने ग्रीस पातळ होऊन वाहून जाते का? आणि सेट बदलायचाच असेल, तर कंपनीचा छर्ऱ्यांचा (गोल बॉलचा) सेट घ्यावा की टेपर रोलर (निमुळत्या रोलरांचे) बेअरिंग बसवावे? पचमढीला जाण्याआधी हे काम नीट करून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १ (हिंगणा एमआयडीसी)

कारखान्याच्या देखभाल विभागात बेअरिंगशी रोजचा संबंध असल्यामुळे आधी कारणाबद्दल लिहितो, कारण तुमच्या प्रश्नातच त्याचे उत्तर दडलेले आहे. खराब रस्त्यांवर न नेताही कोन सेट खराब झाला असे तुम्ही म्हणता. पण सरळ महामार्ग हाच या बेअरिंगचा मोठा शत्रू आहे. चाकाचे बेअरिंग पूर्ण फिरते, त्यामुळे त्यातले ग्रीस सतत पसरत राहते. हँडलचे बेअरिंग मात्र महामार्गावर तासन् तास जवळजवळ एकाच जागी उभे असते, आणि त्याच अवस्थेत रस्त्याचे व इंजिनाचे बारीक हादरे सोसते. छर्रा आणि तो ज्यात फिरतो ती वाटी जिथे टेकतात तिथले ग्रीस हळूहळू बाजूला सरते, धातू धातूवर सूक्ष्म प्रमाणात घासतो, तांबूस-तपकिरी भुकटी तयार होते आणि प्रत्येक छर्ऱ्याखाली एक खळगा पडतो. हे सगळे हँडल सरळ असतानाच्या स्थितीत घडत असल्यामुळे खाच नेमकी मध्यावर जाणवते. खड्ड्यांचे आघात आणि सैल राहिलेला सेट यांमुळे हे नुकसान लवकर होते, पण त्यांच्यावाचूनही ते होतेच.

उन्हाचा दोष मला मान्य नाही. साध्या लिथियम ग्रीसचा द्रवणांकसुद्धा १८० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, आणि उन्हात उभ्या गाडीची चेसिस कितीही तापली तरी त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. ग्रीस जाते ते पाण्यामुळे. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा हेडलाइटच्या मागे, हँडलखालच्या सांध्यावर धरला की पाणी रबरी सील ओलांडून आत शिरते. खालची वाटी आधी गंजते, कारण पाणी आणि चिखल दोन्ही तिथेच पोहोचतात.

आता निदान. गाडी डबल स्टँडवर घ्या आणि इंजिनाखाली आधार देऊन पुढचे चाक अधांतरी करा. हँडल दोन बोटांनी धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवा. मध्यावर ते थांबत असेल, तर वाटीत खळगे पडले आहेत. ग्रीस नुसते सुकले असेल तर हँडल सगळीकडे सारखेच जड लागते. एकाच ठिकाणी अडकत नाही. त्यानंतर फोर्कचे खालचे पाय दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा आणि दुसऱ्या माणसाला खालची टी (फोर्कच्या दोन्ही नळ्या धरणारा आडवा भाग) व चेसिस यांच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. हालचाल तिथे जाणवली तर दोष कोन सेटचा. ती फोर्कच्या नळीत जाणवली तर बुश (नळीतल्या घसरत्या कड्या) झिजले आहेत. आणि दोन्हीकडे काही नसेल तर चाकाचे बेअरिंग आणि डिस्कचे रिव्हेट तपासा. ब्रेक दाबल्यावरचा ‘टक्’ आवाज या चारही ठिकाणांहून येऊ शकतो.

तुमच्या बाबतीत मध्यावरची खाच स्पष्ट आहे, त्यामुळे आवळणे हा उपाय नव्हता. खळग्यात बसलेला छर्रा नट आवळल्यावर आणखी खोल दाबला जातो. ठोका थांबतो, पण हँडलची मोकळीक जाते. दुचाकी सरळ धावताना तिचे पुढचे चाक स्वतःहून क्षणोक्षणी थोडे वळून तोल सावरत असते, आणि घट्ट हँडल ते करू देत नाही. गाडी डावी-उजवी ओढ घेते ती याच कारणाने. सेट बदलावाच लागेल.

प्रतिसाद २ (सदरचे गॅरेज)

वरील निदानाशी मी पूर्ण सहमत आहे. प्रत्यक्ष कामाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण कोन सेट स्वस्त असला तरी तो बसवण्याची पद्धत चुकली तर नवा सेटही लवकरच जुन्यासारखा होतो.

पुढचे चाक, मडगार्ड आणि कॅलिपर काढा; कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने चेसिसला बांधा. टाकीवर जाड कापड टाकून हँडलबार त्यावर टेकवा. वरची टी निघाली की खाली खाचांचा नट दिसतो. तो हुक पान्यानेच उघडावा. छन्नी आणि हातोड्याने ठोकून उघडलेला नट पुन्हा अचूक बसवता येत नाही. नट सुटत आला की खालच्या टीला एका हाताने आधार द्या आणि खाली परात ठेवा, कारण सुटे छर्रे असतील तर ते एकदम ओघळतात. वरचे आणि खालचे छर्रे वेगवेगळे मोजून लिहून ठेवा. त्यांची संख्या आणि आकार दोन्हीकडे सारखे असतीलच असे नाही.

डिझेलने पुसून वाटीवरून नख फिरवले की खळगे हाताला लागतात. वाट्या चेसिसच्या मानेत घट्ट बसवलेल्या असतात; त्या आतल्या बाजूने लांब पंच लावून, एकदा या कडेला आणि एकदा समोरच्या कडेला असे आळीपाळीने ठोकत काढाव्यात. एकाच बाजूने ठोकल्यास वाटी तिरकी होऊन मानेचे भोक खरवडते, आणि ते नुकसान नंतर भरून येत नाही. नव्या वाट्या ठोकण्याऐवजी आट्यांची लांब सळई, दोन जाड पट्ट्या आणि नट वापरून ओढून बसवाव्यात, म्हणजे त्या सरळ जातात. हातोडाच वापरायचा असेल तर जुनी वाटी बाहेरून थोडी घासून तीच वर ठेवून ठोका. वाटी तळाला टेकली की ठोक्याचा आवाज बदलून टणक येतो, तिथे थांबावे.

खालच्या टीच्या दांड्यावरचा कोन (बेअरिंगची आतली कडी) काढणे हे सगळ्यात चिवट काम आहे. नवा बसवताना दांडा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावा आणि कोन ११० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावा. १२० च्या वर नेऊ नये आणि थेट ज्योत तर कधीच लावू नये. त्याखालचे धुळीचे सील आधी सरकवायला विसरले तर सगळे पुन्हा काढावे लागते. ग्रीस एनएलजीआय २ दर्जाचे (मध्यम घट्टपणाचे), पाण्याला दाद न देणारे असावे, आणि जुन्या ग्रीसचा अंशही शिल्लक राहू देऊ नये, कारण वेगळ्या प्रकारची ग्रीसे एकत्र आली की कधी कधी दोन्ही पातळ होतात.

प्रतिसाद ३ (रामटेक फाटा)

छर्रे की टेपर रोलर, या तुमच्या प्रश्नाबद्दल माझे मत सांगतो. छर्रा वाटीला एका बिंदूत टेकतो, तर टेपर रोलर पूर्ण रेषेत टेकतो. त्यामुळे तेच वजन अधिक पृष्ठभागावर वाटले जाते आणि खळगे पडायला बराच जास्त काळ लागतो. सामान लादून महामार्गावर फिरणाऱ्या गाडीसाठी मी टेपरच निवडेन. जुना सेट घेऊन दुकानात जा आणि आतला व्यास, बाहेरचा व्यास व उंची ही तीनही मापे व्हर्नियरने घ्या. उदाहरणार्थ ३२००५ एक्स या क्रमांकाचे बेअरिंग २५ बाय ४७ बाय १५ मिलिमीटरचे असते. फक्त व्यास जुळला म्हणून घेऊ नका. उंचीत फरक पडला तर वरची टी जागेवर बसत नाही, नटाला पुरेसे आटे मिळत नाहीत किंवा सीलमध्ये फट राहते. तुमच्या मॉडेलसाठी तयार केलेला टेपर सेट वॉशर आणि सीलसह मिळत असेल तरच हा बदल करा. तसा मिळत नसेल, तर चांगल्या प्रतीचा छर्ऱ्यांचा मूळ सेट नीट बसवलेला केव्हाही बरा.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद (वर्धा रोड रायडर)

सर्वांचे मनापासून आभार. चाक अधांतरी करून तपासले. खाच मध्यावरच आहे आणि हालचाल खालच्या टीपाशीच जाणवते. माझ्या मॉडेलसाठी सीलसह टेपर सेट उपलब्ध असल्याचे कळले, त्यामुळे तोच घेत आहे. एकच शंका उरते: नट नेमका किती आवळायचा?

प्रतिसाद ४ (हिंगणा एमआयडीसी)

आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा, कारण तो प्रत्येक मॉडेलला वेगळा असतो आणि टेपर सेटसोबत माहितीपत्रक आले तर त्यातला आकडा ग्राह्य धरावा. क्रम मात्र सांगतो. आधी नट बऱ्यापैकी आवळून हँडल दोन्ही टोकांपर्यंत अनेकदा फिरवा, म्हणजे रोलर आणि वाट्या आपापल्या जागी बसतात आणि जास्तीचे ग्रीस बाहेर येते. मग नट सैल करून पुन्हा ठरलेल्या मापाने आवळा. त्यानंतर वरची टी बसवा; पण तिचे फोर्क धरणारे बोल्ट ढिले ठेवूनच मधला मोठा नट टॉर्क पान्याने आवळा, नाहीतर टी फोर्कवर अडकते आणि बेअरिंगपर्यंत दाब पोहोचतच नाही. मोठा नट आवळला की आट्यांमधली ढील निघून बेअरिंगवरचा दाब थोडा वाढतो. म्हणून खरी तपासणी त्यानंतर, चाक अधांतरी ठेवून करायची: हँडल मध्यावरून किंचित ढकलले तर चाकाच्या वजनाने ते टोकापर्यंत आपोआप गेले पाहिजे आणि फोर्क पुढे-मागे हलवल्यावर ठोका लागता कामा नये. टेपर सेट छर्ऱ्यांपेक्षा किंचित जड लागतो, ते स्वाभाविक आहे.

साधारण ५०० ते १००० किलोमीटरनंतर हीच तपासणी पुन्हा करा, कारण नव्या वाट्या बसताना थोडी ढील निर्माण होते. पचमढीच्या घाटात गाडी नेण्याआधी तेवढे अंतर आसपास कापून घ्या. आणि सगळे जोडून झाल्यावर, गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. एखाद्या बाजूला इंजिनाचा आवाज वाढला तर थ्रॉटलची केबल ओढली जात आहे; ब्रेकचा होज किंवा वायरिंग ताणले जात असेल तर तेही याच वेळी दिसेल. हे दुरुस्त झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.