मदत हवी आहे: दोन मॉर्मन मुलांना जेवायला बोलवायचंय

मी इंग्लंडमध्ये प्रेस्टनला राहते. मॉर्मन हा अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ; त्यांच्या चर्चच्या प्रचारकांनी १८३७ मध्ये युरोपात पहिल्यांदा प्रचार केला तो याच गावी. आजही पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर नावाची काळी पट्टी लावलेली प्रचारक मुलं जोडीनं फिरताना दिसतात. आमच्या गल्लीत येणारे दोघे १९ वर्षांचे, अमेरिकेतल्या युटाचे. दोन वर्षं घरापासून लांब. सकाळी साडेसहाला उठायचं, जोडीदाराला सोडून कुठं जायचं नाही, कपडे धुणं, बाजारहाट सगळं आठवड्याच्या एका सुट्टीच्या दिवशी. आईशी व्हिडिओवर बोलणंही बहुतेक त्याच दिवशी. पूर्वी तर वर्षातून दोनदाच फोन करता यायचा, २०१९ पासून दर आठवड्याला करता येतो.

परवा भर पावसात आले. एकाच्या बुटाचा तळ पुढून उघडला होता, मोजा ओलाचिंब. मी चहा टाकते म्हटलं तर हात जोडून नको म्हणाले. चहा, कॉफी त्यांना चालत नाही. घरात मी एकटी होते म्हणून आतही आले नाहीत, दारातच पाणी प्यायले. जीव तुटला हो.

मला धर्म बदलायचा नाही, ते त्यांना स्पष्ट सांगितलंय. पण रविवारी हे घरी असताना दोघांना पोटभर जेवू घालायचंय. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपास असतो, तो टाळेन.

युटात राहिलेलं कुणी आहे का इथे? चहाऐवजी गरम काय द्यावं? गवती चहा, आल्याचा काढा चालेल का? आणि नवे बूट घेऊन दिले तर त्यांना अवघडल्यासारखं होईल का?