जिप्सी २ इंच उचलली, आता बंप स्टॉप किती खाली आणू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, जिप्सी किंग आहे १३०० सीसीवाली, मागच्या वर्षी २ इंच लिफ्ट केली, नवीन पाटे (लीफ स्प्रिंग) आणि लांब शॉकअप (शॉक ॲब्झॉर्बर), टायर २३५/७५ आर १५. रस्त्यावर झकास चालते. पण गेल्या रविवारी ताम्हिणीच्या अलीकडे एका दगडी ओढ्यात उतरलो आणि पुढून डावीकडून असा काही ठण्ण आवाज आला की मला वाटलं पाटाच तुटला. घरी येऊन खाली झोपून बघितलं तर पाटा शाबूत, शॉकअपमधून मात्र तेल गळतंय आणि वरचा माउंट किंचित वाकलाय. आणि बंप रबर (म्हणजे बंप स्टॉप, ॲक्सल वर चासीवर आपटू नये म्हणून लावलेलं रबर)? कोरं करकरीत, त्यावर साधा ओरखडा नाही!! म्हणजे शॉकअप पूर्ण बसला तरी ॲक्सल बंप रबरपर्यंत पोचलाच नाही. ज्याने लिफ्ट केली त्याने बंप स्टॉप ओरिजिनल जागीच ठेवलेत हे मला तेव्हा कळलंच नाही, माझीच चूक, विचारायला पाहिजे होतं.

आता नवीन शॉकअप टाकायच्या आधी हे नीट करायचंय. चांगल्या बाजूला मोजलं ते असं. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना बंप रबर ते ॲक्सल ५ इंच ४ सूत (८ सूत म्हणजे १ इंच), आणि शॉकअपची दांडी आत जायला जागा फक्त ४ इंच ४ सूत. मिस्त्री म्हणतो "२ इंच लिफ्ट ना, मग २ इंचाचा ठोकळा लावू, विषय संपला". पण रबर स्वतः पण १ इंचभर दबणारच ना? मग ठोकळ्याचे २ इंच वजा जाता उरलेले ३ इंच ४ सूत अधिक १ इंच म्हणजे बरोबर शॉकअपच्या टोकावरच येतंय, शिल्लक शून्य. माझ्या हिशोबाने अडीच इंच हवेत. पण मग स्पीडब्रेकरला दर वेळी आपटेल का ही भीती. आणि रबर चांगलं की पॉलियुरेथेन? जाणकारांनी प्लीज सांगा, लवकर.

प्रतिसाद
हिशोब बरोबर आहे तुमचा, मिस्त्रीचा नाही. लिफ्टच्या आकड्याशी ठोकळ्याचा थेट संबंध नसतो, शॉकअप बंद झाल्यावर किती लांबीचा राहतो आणि टायर कुठे घासतो यावर ठरतं. पण तुम्ही दोन्ही चाकं एकदम वर जातील असं धरलंय, ओढ्यात तसं होत नाही. एकच चाक चढतं तेव्हा ॲक्सल तिरका होतो, बंप रबर चासीखाली आतल्या बाजूला आणि टायर बाहेर, म्हणजे रबर टेकल्यावरही टायर अजून वर जातो. शॉकअप रबरच्या बाहेर असेल तर तोही जास्त दबतो. तेव्हा कागदावर ठरवू नका. शॉकअप काढा, पुढचं डावं आणि मागचं उजवं अशा दोन चाकांखाली भरपूर उंची द्या (एकाच चाकाखाली दिली तर गाडी नुसती कलते), बंप रबर पूर्ण दाबू द्या आणि शॉकअपच्या दोन बोल्टमधलं अंतर मोजा. शॉकअप पूर्ण बंद करून त्याची लांबी मोजा. फरक निदान ४ सूत पाहिजे. स्टेअरिंग दोन्हीकडे फुल वळवून टायरपण बघा.

प्रतिसाद
रबरच घ्या, उंच आणि निमुळतं. टोक आधी दबतं मग हळूहळू कडक होतं, स्पीडब्रेकरला धक्का कमी. पॉलियुरेथेनवाले टिकतात पण कडक. आणि ठोकळा पातळ पाईपचा नको, जाड चौकोनी पाईप घेऊन वर प्लेट, बोल्टने बसवा, चासीला थेट वेल्डिंग नको. वेल्डिंग करायचंच असेल तर बॅटरी काढून ठेवा, आमच्या एका मित्राचा अल्टरनेटर गेला होता असाच.

बंप स्टॉप नसले तर पाटे उलटे वाकतात आणि तडकतात, शॉकअपवर सुटलात हे नशीब समजा.

धागाकर्ता
खूप खूप आभार दोघांचे. आज शेजाऱ्याच्या मदतीने केलं, अडीच इंची सागाचा तुकडा तात्पुरता बांधून. डाव्या चाकावर फरक ४ सूत पाहिजे होता तो आला जेमतेम १ सूत! वर स्टेअरिंग वळवल्यावर टायर मडगार्डच्या आतल्या कडेला लागतोय. म्हणजे अडीचही कमीच, ३ इंच करतोय. मग ॲक्सल अडीच इंच वर गेला की लगेच रबर टेकेल हे खरं, पण आता उंच रबर नेमकं कुठल्या गाडीचं बसेल, ट्रकचं मोठं होईल ना? सोमवारी लेथवाल्याकडे जायचंय, त्याच्या आत कोणी सांगितलं तर बरं होईल.