डॉक्सिजनमधून रिक्वायरमेंट ते कोड ट्रेसिंग : उलटी लिंक कशी काढायची?

रिकामा_पॉइंटर
नमस्कार मंडळी. आमची सहा जणांची टीम, गाडीतल्या एका ईसीयूचा (छोटा कंट्रोल कॉम्प्युटर) सी कोड, काम पुण्यातच. रिक्वायरमेंट्स (सॉफ्टवेअरने काय काय करायचं त्या अटी) सगळ्या एक्सेलमध्ये, ३००च्या आसपास, प्रत्येकीला एसआरएस-१४७ असा आयडी. आता क्लायंट म्हणतोय आयएसओ २६२६२ (गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुरक्षिततेचं स्टँडर्ड) प्रमाणे ट्रेसेबिलिटी दोन्ही बाजूंनी दाखवा, म्हणजे कुठली रिक्वायरमेंट कुठल्या फंक्शनमध्ये आणि उलटंही. डोर्सचं (रिक्वायरमेंट्स सांभाळायचं टूल) लायसन्स घ्यायला मॅनेजर तयार नाही, म्हणे डॉक्सिजन (कोडमधल्या कॉमेंट्समधून डॉक्युमेंटेशन बनवणारं टूल) आहे ना, त्यातच बसवा. मी एक मार्कडाऊन फाईल केली, प्रत्येक आयडीला अँकर दिला, कोडच्या कॉमेंटमध्ये रेफ (त्या अँकरला लिंक करणारी) कमांड टाकली, कोडवरून रिक्वायरमेंटवर क्लिक मस्त होतं. पण रिक्वायरमेंटच्या पानावरून कोडकडे जायला काहीच नाही. शिवाय कितीतरी फंक्शन्स, नीट कॉमेंट लिहूनसुद्धा, आऊटपुटमध्ये येतच नाहीत, डोकं फिरलंय. हाताने टेबल भरत बसायचं का आता? शुक्रवारी रिव्ह्यू आहे.

जुना_मेकफाईल
दुसरं आधी घेतो कारण सगळे तिथेच आपटतात. गायब झालेली फंक्शन्स स्टॅटिक (फक्त त्याच फाईलपुरती) आहेत ना? एक्स्ट्रॅक्ट स्टॅटिक हे सेटिंग मुळात नो असतं, ते येस कर. तरी नाही आली तर फाईलच्या डोक्यावर फाईल कमांडवाली कॉमेंट आहे का बघ, ती नसेल तर सी मधली ग्लोबल फंक्शन्स तो धरतच नाही (एक्स्ट्रॅक्ट ऑल ऑन केलं तर धरतो, पण मग कॉमेंट नसलेल्या फंक्शन्सच्या वॉर्निंग बंद होतात, म्हणून मी टाळतो). आणि इफडेफच्या (मॅक्रो असेल तरच कंपाईल होणाऱ्या भागाच्या) आतला कोड असेल तर डॉक्सिजनचा प्रीप्रोसेसर वेगळा आहे, तुमच्या बिल्डमधले मॅक्रो त्याला आपोआप कळत नाहीत, प्रीडिफाइन्ड या सेटिंगमध्ये द्यावे लागतात.

उलट्या लिंकसाठी एक्सरेफआयटम ही कमांड बघ. टूडू लिस्ट, बग लिस्ट जशा एका पानावर गोळा होतात तसंच स्वतःचं पान करता येतं. अलायसेस या सेटिंगमध्ये स्वतःची एक छोटी कमांड बनव, तिच्यात एक्सरेफआयटम आणि रेफ दोन्ही टाक, म्हणजे फंक्शनवर एकच टॅग लिहायचा आणि दोन्हीकडे लिंक.

रिकामा_पॉइंटर
दादा स्टॅटिकचंच होतं!! अख्खा दिवस गेला माझा त्यात. एक्सरेफचं पान पण आलं, पण ते फंक्शनप्रमाणे लागतंय हो, एसआरएस-१४७ तीन ठिकाणी आहे तर यादीत तीन कोपऱ्यांत विखुरलेलं. क्लायंटला आयडीप्रमाणे पाहिजे.

सायली_एम्बेडेड
ते तसंच येणार, ती यादी कोडच्या बाजूने बनते. तुमचं व्हर्जन कुठलंय? अगदी नव्या डॉक्सिजनमध्ये रिक्वायरमेंट, सॅटिस्फाइज आणि व्हेरिफाइज अशा तीन कमांड्स आल्यात. पहिलीने रिक्वायरमेंट लिहायची, दुसरी फंक्शनवर, तिसरी टेस्टवर, मग रिक्वायरमेंटखाली कोणी पूर्ण केली नि कोणी तपासली ते आपोआप येतं.

व्हर्जन बदलू देत नसतील (आमच्याकडे टूलचं व्हर्जन हलवायचं म्हणजे चार सह्या) तर एक्सएमएल आऊटपुट चालू करा आणि पायथनची पन्नासेक ओळींची स्क्रिप्ट लिहा, फंक्शनचं नाव, फाईल, ओळ नंबर सगळं त्या एक्सएमएलमध्ये असतं. आयडीप्रमाणे गट करा, झालं टेबल. आणि खरी मजा पुढे आहे, एक्सेलमधल्या आयडींतून कोडमधले आयडी वजा करा. रेफमध्ये चुकीचा आयडी टाकला तर डॉक्सिजन वॉर्निंग देतो, पण जी रिक्वायरमेंट कोडमध्ये कोणी लिहिलीच नाही तिच्यासाठी रेफ कशाला ओरडेल, ते आपणच शोधायचं. वॉर्न ॲज एरर (वॉर्निंगला एरर मानायचं सेटिंग) पण लावा, फेल ऑन वॉर्निंग्ज हा पर्याय घ्या, नुसतं येस दिलं तर पहिल्या वॉर्निंगलाच थांबतो आणि एक एक करून निस्तरत बसावं लागतं.

चहा_आणि_कंपायलर
सगळं बरोबर, पण जरा कडू बोलतो. टॅग ही शेवटी कॉमेंट आहे, कंपायलर ती वाचत नाही. आमच्या एका प्रोजेक्टला एक मोठं फंक्शन तोडून तीन केली, टॅग राहिला पहिल्यावर, काम गेलं तिसऱ्यात. वर्षभर रिपोर्ट हिरवागार. आणि काढून टाकलेल्या रिक्वायरमेंटचा नंबर नवीनला कधी देऊ नका, आम्ही दिला होता, जुने टॅग नव्या रिक्वायरमेंटला चिकटून बसले, सगळं "कव्हर्ड" दिसत होतं. तेव्हापासून कोड रिव्ह्यूच्या यादीत एक प्रश्न घातलाय, फंक्शन बदललं तर टॅग वाचला का. बाकी ऑडिटवाला टूलबद्दल विचारणारच, २६२६२ च्या ८ व्या भागात टूलवर किती भरवसा ठेवायचा ते आहे, तर दहा-बारा आयडी हाताने तपासून त्याची नोंद ठेव.

रिकामा_पॉइंटर
सायलीताई, स्क्रिप्ट चालवली. ११ आयडींना कोडमध्ये टॅगच नाही. नऊ ठिकाणी टाकायचा राहिला होता, ते झालं. उरलेल्या दोन शोधतोय तर फंक्शनच सापडेना, टीममध्ये विचारलं तर प्रत्येकाला वाटत होतं दुसऱ्याने लिहिलंय. आता मॅनेजरला सांगायला जातोय, शुक्रवार काही खरा नाही.