कुत्र्याला घेऊन शेतावर चार रात्री: बुकिंगआधी काय विचारावं?

पायवाट
लॅब्रॅडॉर, नर, 3 वर्षांचा, 28 किलो. शहरात वाढलेला, गुरं फक्त लांबून पाहिलेली. जिथे रोजची शेती आणि दूधदुभतं खरोखर चालतं अशा शेतावर मुक्काम करायचा आहे. तिथे दुभत्या गाई, काही शेळ्या आणि मोकळ्या कोंबड्या आहेत. जाहिरातीत 'कुत्रे चालतील' एवढंच लिहिलंय. मालकांना नेमकं काय विचारू? लस-औषधांची तयारी किती आधी सुरू करावी? आणि त्याला तिथे मोकळं सोडता येईल का? हाक मारली की येतो, पण समोर मांजर असेल तर नाही.

गोठा_ओसरी
मोकळं सोडण्याचं उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. मांजर दिसल्यावर हाकेला न येणारा कुत्रा कोंबडी दिसल्यावरही येणार नाही. कोंबडी फडफडत पळते, म्हणून मोह आणखी मोठा. तेव्हा चारही दिवस लीश.

'कुंपण आहे का' एवढंच विचारलंत तर 'आहे' असंच उत्तर येईल. गुरांचं कुंपण म्हणजे तीन-चार तारा, कुत्रा त्यांच्याखालून सरळ निघून जातो. त्यामुळे असं विचारा: कुत्र्यासाठी जाळी लावलेली बंदिस्त जागा आहे का, जाळी किती उंच आहे, फाटकाखाली फट किती आहे? लॅबसाठी 5 फूट उंची हवी आणि फट चार बोटांपेक्षा जास्त नको. मग शेतावरच्या कुत्र्यांबद्दल विचारा: किती आहेत, रात्री मोकळे असतात का, रेबीजची लस झाली आहे का, कोणी मादी माजावर आहे का? मादी माजावर असेल तर सरळ तारीख बदला.

त्या दिवसांत शेतावर काय चाललेलं असेल, हेही विचारा. गाय व्यायला आली असेल किंवा नुकती व्यायली असेल तर ती कुत्र्याला जवळपासही सहन करत नाही. फवारणी ठरलेली असेल तर कुठल्या तुकड्यात, कोणत्या दिवशी? उंदरांचं औषध कुठे ठेवलंय आणि कोणतं? बागेत एरंडी पेंड घातली आहे का? हा प्रश्न बहुतेकांना सुचत नाही. एरंडीच्या पेंडीत रिसिन हे विष असतं, आणि त्यात हाडांचा चुरा मिसळलेला असेल तर कुत्रा वासावर जाऊन झाडाचं आळं उकरून ती पेंड खातो. उलट्या आणि रक्ताचे जुलाब कधी काही तासांत, तर कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतात.

शेणाच्या स्लरीचा (शेण-मुताच्या पातळ काल्याचा) खड्डाही आधी बघून ठेवा. वर वाळलेली साय धरते, तिच्यावर गवताच्या काड्या आणि पाचोळा पडतो, आणि ती कडक जमीनच वाटते. कुत्रा पाय ठेवतो आणि आत जातो. त्याच्या मागे कधीही उतरू नका. स्लरी ढवळली की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो, आणि तो माणसाला काही श्वासांत बेशुद्ध करू शकतो.

धार काढायच्या वेळी कुत्रा गोठ्याकडे न्यायचा नाही. अनोळखी कुत्रा दिसला की गाय बिचकते आणि पान्हा चोरते. भीतीने तिच्या अंगात अ‍ॅड्रेनलिन वाढतं, त्याने पान्हा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनचं काम अडतं आणि दूध सडात उतरत नाही. मालक पाहुण्यांना तोंडावर बोलत नाहीत, पण त्या दिवसाचं नुकसान त्यांचंच असतं.

पशुवैद्यक_लहान_प्राणी
तयारी सहा आठवडे आधी सुरू करा. लेप्टोस्पायरोसिसची लस पूर्वी दिली नसेल तर 2 ते 4 आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, आणि दुसऱ्या डोसनंतरच तिचा भरवसा. दरवर्षी बूस्टर घेत असाल तर फक्त तारीख तपासा. गोठ्याजवळचं साचलेलं पाणी आणि उंदरांचं मूत्र हा या आजाराचा मुख्य रस्ता आहे, म्हणून पाणी आपल्याच भांड्यातलं पाजा, डबक्यातलं नको. रेबीजची लस पहिल्यांदाच देत असाल तर निघण्याआधी किमान 28 दिवस द्या.

गोचिडांसाठी फ्लुरालानेर किंवा अफोक्सोलानेरची गोळी चालते, पण गोचीड चावल्यावरच मरते हे लक्षात ठेवा. कुत्र्याला फिट येत असतील तर हा गट डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. मानेवर थेंब टाकायचं परमेथ्रिनवालं औषध वापरणार असाल तर ते पूर्ण वाळेपर्यंत शेतावरच्या मांजरांपासून कुत्र्याला लांब ठेवा, मांजरांना ते घातक आहे. गोळी दिली तरी रोज संध्याकाळी अंग तपासा: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी. सापडलेली गोचीड टोकदार चिमट्याने कातडीला चिकटून धरा आणि सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, जळती काडी यातलं काही नको, त्याने ती सुटण्याऐवजी लाळ आत सोडते. परतल्यावर तीन-चार आठवड्यांत ताप, फिकट हिरड्या, गडद लघवी किंवा नाकातून रक्त दिसलं तर रक्ततपासणी लगेच करून घ्या.

जंतनाशकाचं कारण मात्र गुरांच्या बाजूचं आहे. कुत्र्याच्या विष्ठेतून पट्टकृमींची अंडी गवतावर पडतात आणि शेळ्या-गाईंच्या पोटात जातात. प्राझिक्वांटेल निघण्याच्या 1 ते 5 दिवस आधी द्या, मात्रा वजनावर ठरते. निओस्पोरा नावाचा परजीवीही विष्ठेतून चाऱ्यात जातो, आणि त्याने गाई गाभडतात. त्याला कुत्र्यावर खात्रीचं औषध नाही. म्हणून शेताच्या कडेला केलेली घाणसुद्धा पिशवीत भरायची, 'खतच आहे की' म्हणून सोडायची नाही. याच कारणाने व्यायलेल्या गाईची वार किंवा कच्चं मांस कुत्र्याला तोंडात घेऊ देऊ नका.

उंदरांच्या औषधाचं नाव का विचारायचं तेही सांगते. ब्रोमाडिओलोन खाल्लेला कुत्रा दोन ते पाच दिवस ठणठणीत दिसतो आणि मग आतून रक्तस्राव सुरू होतो. उपाय व्हिटॅमिन के1, तेही तीन-चार आठवडे. झिंक फॉस्फाइड वेगळं, ते पोटातल्या आम्लाशी मिळून फॉस्फिन वायू सोडतं. अशा कुत्र्याला काही खायला घालू नका, गाडीच्या काचा उघड्या ठेवा, आणि पाकिटाचा फोटो डॉक्टरांना आधीच पाठवा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं दोन्ही बाबतीत चूक आहे, रक्तातलं सोडियम वाढून तेच जिवावर बेततं.

कोली किंवा तत्सम मेंढपाळ जातीचा कुत्रा असणाऱ्यांनी गुरांना नुकतं आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक दिलंय का हेही विचारावं. ते शेणातून बाहेर पडतं, आणि असं शेण खाल्लं तर या जातींच्या बऱ्याच कुत्र्यांत ते मेंदूपर्यंत पोहोचतं.

सीटी_आणि_लाँगलाइन
अंगणात आणि गुरांजवळ दीड ते दोन मीटरची साधी लीश, मोकळ्या रानात 10 मीटरची लांब दोरी, आणि ती हार्नेसलाच (छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला), गळपट्ट्याला नाही. धावत्या कुत्र्याला दोरीने अचानक थांबवलं तर सगळा हिसका मानेवर येतो. गुंडाळली जाणारी लीश घरीच ठेवा, तिची बारीक दोरी वासराच्या पायात गुंतते आणि हात कापते.

गाईची ओळख लांबून करून द्या. ज्या अंतरावर तो गाय बघतो आणि तरीही तुमच्या हातचा खाऊ घेतो, तेच त्याचं अंतर. पहिल्या दिवशी ते 30-40 मीटर निघालं तरी चालेल. पाच मिनिटं उभे राहा आणि परत फिरा. तोंड मिटलं, कान पुढे आले, वजन पुढच्या पायांवर गेलं आणि शेपूट ताठ झाली, की भुंकण्याची वाट न बघता वळा. खाऊ घेणं थांबलं म्हणजे तुम्ही जास्त जवळ आला आहात.

आणि गाय अंगावर धावून आलीच तर लीश सोडून द्या. तिचा राग कुत्र्यावर असतो, कुत्रा तिच्यापेक्षा चपळ असतो आणि निसटतो. लीश घट्ट धरून उभा राहिलेला माणूसच तुडवला जातो. कुत्र्याला उचलून घेणं तर त्याहून वाईट.

गोठा_ओसरी
लीश सोडायची हे मान्य, पण सुटलेला कुत्रा घाबरून शेळ्यांत घुसला की गाभण शेळ्या नुसत्या पळापळीनेही गाभडतात, चावा लागत नाही. म्हणून ही वेळ येऊ न देणंच खरं. वासरं आहेत त्या कुरणात कुत्रा घेऊन शिरायचंच नाही, वाट तिथून जात असली तरी वळसा घाला. फाटक उघडं दिसलं तर उघडं, बंद असेल तर बंदच ठेवा.

पायवाट
खूप उपयोग झाला. दोन शंका राहिल्या. मालक म्हणाले एका बाजूला झटका मशीनची (कुंपणात विजेचे ठोके सोडणारी) तार आहे. आणि जेवायला जाताना त्याला खोलीत एकटं ठेवलं तर?

सीटी_आणि_लाँगलाइन
झटका मशीन साधारण सेकंदाला एक ठोका देतं. त्याने सहसा इजा होत नाही, पण कुत्रा ओल्या नाकाने तार हुंगतो आणि किंचाळत वाट फुटेल तिकडे पळतो. तारेपासून दोन मीटर लांबून चाला. तारेत अडकला तर आधी मशीन बंद, मग हात. बटण कुठे आहे ते पहिल्याच दिवशी बघून घ्या. थेट मेन लाइनचा प्रवाह सोडलेलं कुंपण मात्र जीव घेतं, तसं असेल तर तिथे जाऊच नका.

खोलीत एकटा ठेवायचा तर पिंजऱ्यात, आणि पिंजऱ्याची सवय घरीच दोन-तीन आठवडे आधी लावा. पहिल्या संध्याकाळी अजिबात नको, अनोळखी वास आणि बाहेर हंबरणं ऐकून तो दार ओरबाडतो.

पशुवैद्यक_लहान_प्राणी
एक राहिलं: कुसळं. वाळलेल्या गवतातून फिरवून आणलंत की पंजे उलटे करून बोटांमधला प्रत्येक बेचका बोटाने चाचपा. कुसळाचं टोक एकाच दिशेने आत सरकतं, मागे येत नाही. तो पंजा सारखा चाटतोय, डोकं एका बाजूला झटकतोय किंवा एकामागून एक शिंकतोय, तर त्याच दिवशी दाखवा. कानातलं कुसळ स्वतः काढू नका, बहुतेक वेळा ते आणखी आत जातं आणि पडद्याला लागतं. लॅबच्या पंजातले केस जाण्याआधीच कापून घेतलेत तर ही तपासणी दोन मिनिटांत होते.