शब्दचर्चा : ‘प्रभाव’, ‘वर्चस्व’ आणि त्यांच्या आसपासचे शब्द

प्रश्न (अमळनेर)

आप्पा, आमच्या अभ्यासिकेत उत्तरलेखनाचा सराव चालू असताना एका वाक्यावरून बराच वाद झाला. वाक्य असे होते : ‘प्रशांत महासागरातील बेटांवर वर्चस्व मिळवण्यासाठी चीन आणि अमेरिका यांच्यात चढाओढ लागली आहे.’ काही जणांच्या मते येथे ‘वर्चस्व’ऐवजी ‘प्रभाव’ हवा, तर काहींना दोन्ही शब्द एकाच अर्थाचे वाटतात. वर्तमानपत्रांत ‘वर्चस्व’, ‘प्रभुत्व’, ‘प्रभाव’ आणि ‘दबदबा’ हे शब्द एकाच बातमीत आलटूनपालटून येतात, त्यामुळे गोंधळ वाढतो. शिवाय ‘स्फिअर ऑफ इन्फ्लुअन्स’ला आपण ‘प्रभावक्षेत्र’ म्हणतो, पण त्या क्षेत्रात येणाऱ्या देशाला ‘अंकित’ म्हणावे की ‘मांडलिक’? कृपया उदाहरणे देऊन सांगावे.

उत्तर (धुळे)

ताई, हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले की वाचकाला चुकीची माहिती मिळते, म्हणून त्यांचा काटेकोर विचार व्हायलाच हवा. स्पर्धा संपून एकाचा वरचष्मा ठरला आणि इतरांनी तो मान्य केला की त्या स्थितीला ‘वर्चस्व’ म्हणावे. ‘प्रभुत्व’ त्याच्याही पुढचे असून त्यात हुकूम सोडण्याचा आणि तो पाळून घेण्याचा अधिकार येतो. ‘दबदबा’ हा नावलौकिकातून आणि धाकातून येतो. त्यासाठी प्रत्येक वेळी काही करावे लागत नाही. ‘प्रभाव’ या शब्दात मात्र निर्णय अजून समोरच्याच्याच हाती असतो, फक्त तो घेताना त्याला दुसऱ्याच्या मर्जीचा हिशेब करावा लागतो. चढाओढ चालू आहे असे ज्या वाक्यात आपण म्हणतो, त्यात स्पर्धेचे साधन आणि विषय म्हणून ‘प्रभाव’ हाच शब्द योग्य ठरतो.

जुन्या राजनीतीच्या परिभाषेतही या शब्दाला नेमका अर्थ होता. कोश आणि दंड, म्हणजे खजिना आणि सैन्य, यांपासून उपजणारे जे तेज, त्यासाठी अमरकोशात ‘प्रताप’ आणि ‘प्रभाव’ हे शब्द एकत्र दिले आहेत. आज कर्जे, बंदरांची बांधकामे, पोलिसांचे प्रशिक्षण आणि नौदलाच्या भेटी यांच्याविषयी आपण वाचतो तेव्हा या व्याख्येत फार थोडी भर घालावी लागते, असे मला वाटते.

आता तुमच्या वाक्यातील बेटांकडे पाहू. सॉलोमन बेटांनी सप्टेंबर २०१९मध्ये तैवानची राजनैतिक मान्यता काढून घेऊन ती चीनला दिली, आणि त्याच महिन्यात किरिबातीनेही तसेच केले. नोव्हेंबर २०२१मध्ये सॉलोमन बेटांच्या राजधानीत, होनियारात, दंगली उसळल्या, तेव्हा बंदोबस्तासाठी ऑस्ट्रेलियाचे पोलीस बोलावण्यात आले. आणि सॉलोमन बेटांच्या त्याच सरकारने एप्रिल २०२२मध्ये चीनशी सुरक्षा करार केला. अमेरिकेने १९९३मध्ये बंद केलेला तेथील दूतावास फेब्रुवारी २०२३मध्ये पुन्हा उघडला. दरम्यान मे २०२२मध्ये चीनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी दहा बेटराष्ट्रांसमोर एक सामाईक करार ठेवला होता, तो त्या राष्ट्रांनी स्वीकारला नाही. हा सगळा क्रम लक्षात घेतला तर ‘वर्चस्व’ कोणाचेच सिद्ध होत नाही. मी ते वाक्य असे लिहीन : ‘प्रशांत महासागरातील बेटराष्ट्रांवर आपला राजकीय प्रभाव वाढावा यासाठी चीन आणि अमेरिका परस्परांना शह देत आहेत, आणि ती राष्ट्रे दोघांशीही वाटाघाटी करत आहेत.’ वाक्याचा उत्तरार्ध माझ्या मते अत्यावश्यक आहे, कारण तो गाळला की बेटे केवळ नकाशावरची जागा होऊन बसतात.

‘प्रभावक्षेत्र’ या शब्दाविषयी अधिक सावध असले पाहिजे. एखाद्या प्रदेशात एखाद्या सत्तेचा प्रभाव दिसला की तो प्रदेश तिचे प्रभावक्षेत्र झाला, असे सर्रास लिहिले जाते. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय सत्तांच्या व्यवहारात ही संज्ञा रुळली ती वाटणीच्या अर्थाने : प्रतिस्पर्धी सत्तांनी आपसात बसून ‘इकडे तुम्ही हात घालू नका, तिकडे आम्ही घालणार नाही’ असे ठरवायचे. १९०७च्या करारात ब्रिटन आणि रशिया यांनी इराणच्या उत्तरेकडचा भाग रशियासाठी आणि आग्नेयेचा भाग ब्रिटनसाठी राखला, आणि मधला पट्टा दोघांनाही मोकळा ठेवला. ज्या देशाची ही विभागणी होत होती त्या इराणला विचारले गेले नव्हते. म्हणून प्रभावक्षेत्राला तीन गोष्टी लागतात : दोन सत्तांमधला समझोता, ठरलेली सीमा, आणि तिथल्या लोकांची अनुपस्थिती. आजच्या प्रशांत महासागरात असा समझोता झालेला नाही, तेव्हा तेथे फार तर ‘प्रभावासाठी स्पर्धा असलेला प्रदेश’ म्हणता येईल.

‘अंकित’ आणि ‘मांडलिक’ यांतला फरक अफगाणिस्तानच्या उदाहरणाने चांगला कळतो. १८७९च्या गंदमक तहानंतर काबूलच्या अमिराचे परराष्ट्र संबंध ब्रिटिशांच्या सल्ल्याने चालू लागले आणि ही स्थिती १९१९पर्यंत टिकली. देशाचा अंतर्गत कारभार अमिराकडे होता, म्हणून त्याला ‘अंकित’ किंवा ‘संरक्षित’ म्हणणे रास्त आहे. ‘मांडलिक’ मात्र म्हणता येणार नाही, कारण मांडलिकाने सार्वभौम सत्तेला खंडणी द्यायची असते, आणि येथे पैसा उलट्या दिशेने वाहत होता : १८८३पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिजोरीतून अमीर अब्दुर रहमान याला वर्षाला १२ लाख रुपये मिळत, आणि १८९३मध्ये ती रक्कम १८ लाख करण्यात आली. रशियाला दूर ठेवण्याची ती किंमत होती.

पूरक (जळगाव)

आप्पांनी सांगितलेल्या फरकाला जोडून ‘तैनाती फौज’ या शब्दाविषयी लिहितो. परदेशातील लष्करी तळांना हल्ली काही लेखांत ‘आधुनिक तैनाती फौज’ म्हटलेले आढळते. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह केला तेव्हा इंग्रजांच्या फौजेचा खर्च पेशव्यांच्या मुलखाच्या उत्पन्नातून भागवायचा होता, आणि इतर सत्तांशी व्यवहार करण्याचे पेशव्यांचे स्वातंत्र्यही त्या तहाने गेले. आफ्रिकेच्या शिंगावरील जिबुतीत अमेरिका, फ्रान्स आणि जपान यांचे तळ आहेत, आणि २०१७पासून चीनचाही आहे. तेथे यजमान देश जागेचे भाडे घेतो आणि एकमेकांच्या प्रतिस्पर्ध्यांना एकाच वेळी जागा देतो. खर्च कोण करतो आणि दुसऱ्याशी बोलण्याची मुभा कोणाला आहे, या दोन कसोट्यांवर हे दोन व्यवहार परस्परविरुद्ध ठरतात, म्हणून जिबुतीसाठी साधा ‘लष्करी तळ’ हाच शब्द पुरेसा आहे.

प्रश्न (शहादा)

आप्पा, एक शंका आहे. अशा लहान देशांना आपण ‘प्यादे’ किंवा ‘बड्या सत्तांच्या पटावरील सोंगटी’ म्हणतो. ‘शह’, ‘काटशह’ हे शब्द चालतात, तर ‘प्यादे’ का चालू नये? आणि मध्य आशियातील ब्रिटन व रशिया यांच्या स्पर्धेला ‘ग्रेट गेम’ म्हणतात, त्याचे ‘महाखेळ’ असे भाषांतर करावे काय?

उत्तर (धुळे)

‘शह’ आणि ‘काटशह’ हे शब्द दोन प्रतिस्पर्ध्यांच्या कृतींविषयी आहेत, त्यामुळे ते चालतात. ‘प्यादे’ म्हटले की ज्याच्याविषयी आपण बोलतो त्याची इच्छाशक्तीच आपण नाकारतो, आणि इतिहास तसे सांगत नाही. हे सांगण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही, आपल्या खानदेशाचेच उदाहरण पुरेसे आहे.

तापीकाठच्या थाळनेरहून फारुकी घराण्याने राज्याचा आरंभ केला आणि पुढे बुऱ्हाणपूर वसवले. गुजरात, माळवा आणि दख्खन यांच्या मधोमध असलेले हे राज्य या तिन्ही बाजूंच्या सत्तांहून लहान होते. १५०८मध्ये गादी रिकामी झाली तेव्हा तिच्यावर हक्क सांगणारे दोघे पुढे आले आणि योगायोगाने दोघांचेही नाव आलमखान होते. एकाला अहमदनगरच्या निजामशहाचे पाठबळ होते आणि दुसऱ्याला गुजरातच्या महमूद बेगड्याचे. बेगडा फौज घेऊन आला आणि त्याचा आलमखान आदिलखान या नावाने गादीवर बसला. परकी सत्ता वारसाहक्काच्या भांडणातून आत शिरते याचे हे नमुनेदार उदाहरण आहे, पण ज्या दावेदारांनी बाहेरच्यांशी संधान बांधले तेही या घटनेचे कर्ते होते, हे विसरता येत नाही.

अगदी हेच चित्र एकोणिसाव्या शतकात सामोआ बेटांवर दिसते, आणि तेथे स्पर्धक हजारो मैलांवरून आलेले होते. राजपदाचे दावेदार सामोअन, त्यांचे पाठीराखे जर्मनी, अमेरिका आणि ब्रिटन. मार्च १८८९मध्ये आपिया बंदरात जर्मनीच्या तीन, अमेरिकेच्या तीन आणि ब्रिटनची एक अशा युद्धनौका एकमेकींवर नजर ठेवून उभ्या असताना चक्रीवादळ आले. ब्रिटिश ‘कॅलिओपी’ तेवढी खुल्या समुद्रात निसटली, बाकीच्या सहा नौका फुटल्या किंवा किनाऱ्याला लागल्या. तिन्ही सत्तांनी मग त्याच वर्षी बर्लिनमध्ये संयुक्त देखरेखीची व्यवस्था ठरवली. तीही टिकली नाही, आणि १८९९मध्ये पश्चिमेची बेटे जर्मनीने व पूर्वेची अमेरिकेने घेतली, तर ब्रिटनने इतरत्र मोबदला घेऊन माघार घेतली. पश्चिम सामोआ १ जानेवारी १९६२ रोजी स्वतंत्र झाला. पूर्वेकडची बेटे आजही अमेरिकेकडे आहेत. ‘पाठीराखा’, ‘संयुक्त देखरेख’, ‘वाटणी’ आणि ‘ताबा’ हे चार शब्द येथे चार वेगळ्या टप्प्यांना लागू पडतात, आणि या दहा वर्षांना एकच ‘वर्चस्व’ शब्द लावला तर त्यांचा क्रमच पुसला जातो.

खानदेशातही टप्पे असेच दाखवता येतात. फारुकी घराण्यातील राजा अलीखानाने अकबराचे श्रेष्ठत्व मान्य केले आणि १५९७मध्ये मुघलांच्या बाजूने लढताना तो मारला गेला. त्या काळातील खानदेशाला ‘अंकित’ म्हणावे. त्याच्या मुलाने, बहादूरखानाने, ते नाते नाकारले. अकबर स्वतः चालून आला, जानेवारी १६०१मध्ये आसीरगड पडला आणि राज्य सुभा झाले. येथून पुढे ‘प्रभुत्व’ हाच शब्द खरा.

‘महाखेळ’ मला स्वीकारार्ह वाटत नाही. ‘ग्रेट गेम’ हे त्या स्पर्धेचे रूढ झालेले नाव आहे, तेव्हा विशेषनाम म्हणून देवनागरीत तसेच ठेवावे, आणि वर्णन करायचे असेल तेथे ‘सत्तास्पर्धा’ लिहावे. ज्या स्पर्धेपायी पहिल्या अफगाण युद्धात, जानेवारी १८४२मध्ये, काबूलहून माघार घेणारी जवळजवळ संपूर्ण ब्रिटिश फौज आणि तिच्याबरोबरची हजारो माणसे गारद झाली, तिला मराठीत नव्याने खेळ म्हणण्याची जबाबदारी आपण घेऊ नये.

प्रश्न (अमळनेर)

मग दोन्ही बाजूंशी बोलणाऱ्या लहान देशाच्या धोरणाला एका शब्दात काय म्हणावे? ‘दुटप्पी’ फार कठोर वाटतो.

उत्तर (धुळे)

‘दुटप्पी’ हा नैतिक दोष दाखवणारा शब्द आहे, तो टाळावा. कौटिल्याने राजनीतीचे सहा गुण सांगितले आहेत. त्यांपैकी ‘संश्रय’ म्हणजे बलवानाचा आश्रय घेणे, आणि ‘द्वैधीभाव’ म्हणजे एकाशी संधी (तह) आणि दुसऱ्याशी विग्रह (वैर) ठेवणे. प्रशांत महासागरातील तुवालू या छोट्या बेटराष्ट्राने नोव्हेंबर २०२३मध्ये ऑस्ट्रेलियाशी जो फालेपिली करार केला, त्यात इतर कोणाशी सुरक्षाविषयक करार करताना ऑस्ट्रेलियाची सहमती घेण्याचे मान्य केले, आणि त्या बदल्यात संरक्षणाची हमी तसेच समुद्र चढत असलेल्या बेटांवरील लोकांना ऑस्ट्रेलियात राहण्याची वाट मिळवली. याला ‘संश्रय’ हा शब्द चपखल बसतो. सॉलोमन बेटांच्या धोरणाला ‘द्वैधीभाव’ लागू होणार नाही, कारण त्यांचा कोणाशीही विग्रह नाही. तेथे ‘दोन्हीकडे संधान राखणे’ असे मोकळे लिहावे. परीक्षेच्या उत्तरात ‘संश्रय’ प्रथम वापरताना पुढे ‘म्हणजे आश्रय घेणे’ एवढे जोडले तर तपासणाऱ्यालाही अडचण येणार नाही.