‘ग्रेड बी, नॉन-रनर’: जुन्या मॉडेल रेल्वेचा लॉट घ्यावा का?

भुसावळ_यार्ड

राम राम मंडळी. मुंबईच्या एका विक्रेत्याकडे जुन्या एचओ (१:८७ प्रमाणातल्या मॉडेल रेल्वे) मालाचा लॉट निघालाय. त्याची यादी जशीच्या तशी देतो. पहिलं डिझेल इंजिन: ‘ग्रेड ए, टेस्टेड’. दुसरं डिझेल, आत आठ पिनांचं सॉकेट: ‘ग्रेड बी, नॉन-रनर’. वाफेचं इंजिन: ‘ग्रेड बी, चेसिस किंचित वाकलेली’. सहा डबे: ‘ग्रेड सी’. शिवाय खोकंभर रूळ आणि एक अमेरिकन पॉवर पॅक (रुळांना वीज देणारा डबा). सगळ्याचा मिळून एकच भाव, माल कुरिअरने येणार, एकदा घेतला की परत नाही.

माझी मांडणी साधी १२ व्होल्ट डीसी आहे, डिजिटल नाही. मल्टीमीटर आणि सोल्डरिंगची सवय आहे. या ग्रेडचा अर्थ काय धरायचा, पैसे देण्याआधी काय विचारायचं आणि यातलं काय घेण्यासारखं आहे?

कार्बन_ब्रश, जळगाव

भाऊ, ए-बी-सीला सर्वमान्य मोजमाप नाही, प्रत्येक विक्रेत्याची पट्टी वेगळी. अमेरिकेतल्या ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनची सी-१ ते सी-१० अशी श्रेणी आहे, पण तीही मुख्यतः दिसण्याची: रंग, ओरखडे, गंज. इंजिन चालतं का, ते ग्रेड सांगत नाही. ‘टेस्टेड’ म्हणजे नेमकं काय केलं, तेही विचारा. मोटरला तारा लावून फिरवली, की इंजिन रुळावर चालवलं? यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

व्हिडिओ मागवा. इंजिन रुळावर, पुढे आणि मागे, किमान एक मीटर, जमेल तितक्या कमी वेगात, मोबाईल रुळाच्या पातळीवर धरून, मागे गाणं न लावता. पूर्ण व्होल्टेजवर रडकं इंजिनही धावतं, म्हणून कमी वेगाचा आग्रह धरा. चाकाच्या दर फेऱ्याला ठरावीक जागी ‘टक्’ वाजून हिसका बसत असेल तर ॲक्सलवरचं प्लास्टिक गिअर तडकलंय. तड गेली की तिथल्या दोन दातांमधलं अंतर वाढतं आणि समोरचं गिअर तिथेच अडखळतं. हे गिअर बहुतेक ॲसिटाल प्लास्टिकचं असतं, त्यावर फेविक्विक धरत नाही. तोच सुटा भाग मिळत असेल तरच असं इंजिन घ्या. हिसके कुठेही, कसेही येत असतील तर बहुधा चाकांवर काजळी साचलीय. ती पुसली की काम झालं.

प्रत्येक वस्तूचा खालच्या बाजूचा फोटोही हवा. इंजिनाच्या पोटाखाली मधोमध लांब धातूची पट्टी दिसली तर तो मार्कलिन कंपनीच्या पद्धतीचा, मधून तिसरी वीजवाट असलेला एसीचा माल. त्याची डावी-उजवी चाकं एकमेकांपासून इन्सुलेट नसतात, तुमच्या रुळावर ठेवताक्षणी शॉर्ट होईल. डबे हातात आल्यावर एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना मल्टीमीटर लावा. बीप वाजली तर चाकं बदलावी लागतील. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर व्हर्नियरने मोजा, ते १४.४ मिमीच्या आसपास हवं. कमी भरलं तर डबा सांध्यावर आणि क्रॉसिंगवर उतरतो. ‘ग्रेड सी’ डब्यांच्या बऱ्याच तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

पीजे_७६२, पाचोरा

वाफेच्या इंजिनावर पैसे घालू नका. ओतीव जस्ताची चेसिस वापरून वाकत नाही. ती वाकलीय याचा अर्थ बहुतेक वेळा मिश्रधातू आतून किडलाय. ओतताना जस्तात शिसं किंवा कथील मिसळलं गेलं की वर्षानुवर्षं दमट हवेत कणांच्या सीमांवर गंज चढत जातो, धातू फुगतो, लांबतो आणि शेवटी बिस्किटासारखा चुरतो. फोटोत पाहायच्या खुणा: पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगा, कडांना राखाडी पूड, बॉडीच्या टोकाला धातूने आतून दिलेला फुगवटा. शंका असेल तर चेसिसला पोलादी पट्टी लावून फोटो पाठवायला सांगा. यावर इलाज नाही. सरळ करायला गेलात तर तुकडा हातात येतो. विक्रेता लॉट फोडत नसेल तर या इंजिनाची किंमत मोटर आणि चाकांपुरतीच धरा.

रुळांचं सोपं आहे. पिवळे ते पितळी. त्यांच्यावरचा काळा थर वीज नीट वाहू देत नाही, सारखे घासत बसावं लागतं. पांढऱ्या रुळाला चुंबक चिकटलं तर तो पोलादी, पावसाळ्यात गंजणार. चिकटलं नाही तर बहुधा निकेल सिल्व्हर, आणि तेवढेच ठेवण्यासारखे. उंचीही मोजा: कोड १०० म्हणजे २.५४ मिमी, कोड ८३ म्हणजे साधारण २.१ मिमी. लिमासारख्या कंपन्यांच्या जुन्या मॉडेलांच्या चाकांच्या कडा खोल असतात, कोड ८३ वर त्या स्लीपरच्या खिळ्यांवर खडखडतात. हे रूळ अंथरताना आपल्याकडचं ऊन विसरू नका. ९१४ मिमीचा अख्खा रूळ जानेवारीतली पहाट ते मेमधली दुपार यात जवळपास अर्धा मिमी वाढतो. थंडीत सांधे गच्च बसवले तर उन्हाळ्यात रूळ नागमोडी होतो.

एक पदरचं सांगतो. बॉडी फुटलेली पण चेसिस चालती असलेली एन स्केलची (एचओपेक्षा लहान मापाची) इंजिनं कवडीमोलाने मिळतात, ती हातची सोडू नका. आपल्या पाचोरा-जामनेर छोट्या रेल्वेचा, म्हणजे पीजेचा, गेज (दोन रुळांमधलं अंतर) ७६२ मिमी होता. एचओच्या १:८७ प्रमाणात तो ८.७६ मिमी येतो आणि एनचा रूळ ९ मिमी. त्या चेसिसवर बॉडी स्वतः बांधली की आपली पीजे तयार. असा ‘फॉल्टी’ माल माझ्या मते सगळ्यात कामाचा.

भुसावळ_यार्ड

वाफेचं इंजिन बाद केलं. विक्रेत्याने नॉन-रनरचा आतला फोटो पाठवलाय. सॉकेट रिकामं दिसतंय, त्यात काहीच खोचलेलं नाही. आणि पॉवर पॅकवर ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ लिहिलंय.

डाउन_लाइन, चाळीसगाव

दादा, मग ते इंजिन बिघडलेलं नसण्याचीच शक्यता जास्त. डिकोडर (डिजिटल मांडणीत मोटर चालवणारी, सॉकेटमध्ये खोचायची छोटी पट्टी) काढून विकला आणि त्या जागी ब्लँकिंग प्लग (डिकोडरशिवाय पिना जोडून देणारा प्लग) लावायचा राहिला की रुळाची वीज मोटरपर्यंत पोहोचतच नाही. विक्रेता रुळावर ठेवतो, हालचाल नाही, लिहितो ‘नॉन-रनर’.

हातात आल्यावर थेट रुळावर ठेवू नका. सॉकेटमध्ये १ ते ४ एका ओळीत आणि ५ ते ८ समोरून उलट, म्हणजे १ च्या समोर ८ आणि ४ च्या समोर ५. पिन ८ ला उजवी चाकं, ४ ला डावी, १ आणि ५ ला मोटर. मल्टीमीटरने ८ आणि उजव्या चाकांमध्ये बीप येते का पाहा, तसंच ४ आणि डावी चाकं. आली नाही तर चाकाला टेकणारी तांब्याची पट्टी वाकली किंवा काजळलीय. मग १ आणि ५ मधला रोध मोजा. साधारण १० ते ४० ओहम आला तर मोटर ठीक. फ्लायव्हील (मोटरच्या दांड्यावरचं जड चाक) बोटाने सावकाश फिरवत मोजा. एकाच जागी मीटर तुटल्यासारखं दाखवत असेल तर कम्युटेटर (मोटरचा कार्बन ब्रश टेकतात तो तांब्याचा फिरता भाग) मळलाय किंवा मोटरची एक गुंडाळी गेलीय. शून्याच्या जवळ आला तर कम्युटेटरच्या खाचांत कार्बन भरलाय, दातकोरण्याने खाचा साफ करा. शेवटी १ किंवा ५ आणि चेसिस यांच्यात बीप येत नाही ना, तेही पाहा.

सगळं जमलं की ९ व्होल्टची बॅटरी १ आणि ५ ला टेकवा. मोटर फिरली तर पाव वॉटच्या रेझिस्टरच्या कापलेल्या पायाचे दोन छोटे यू करा, एक १-८ मध्ये, दुसरा ४-५ मध्ये. मधल्या चार पिना मोकळ्या ठेवा. जाड तार घुसवू नका, भोकं सैल होतात आणि पुढे डिकोडर धरत नाही. दिवे एवढ्याने लागतीलच असं नाही, पण इंजिन धावेल.

मोटर गुणगुणते पण फिरत नाही, तर जुनं ग्रीस वाळून घट्ट झालंय. मोबाईल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश पुरे. थिनर, पेट्रोल अजिबात नको, बॉडी विरघळेल. गंज सोडवायचा स्प्रेही आत मारू नका. घड्याळाचं तेल सुईच्या टोकाने बेअरिंगला एक थेंब, बस. कम्युटेटरवर तेल गेलं की कार्बनशी कालवून त्याचा वीजवाहक चिखल होतो, त्यातूनच शॉर्ट होतं.

पॉवर पॅक २३० व्होल्टला लावू नका. ट्रान्सफॉर्मरचा गाभा भरून जातो, आतली तार तापते आणि काही मिनिटांत धूर निघतो. स्टेप-डाऊन घेऊन तो वापरण्यापेक्षा १२ व्होल्ट १ अँपिअरचा ॲडॅप्टर, साधा स्पीड कंट्रोलर आणि दिशा बदलायला डीपीडीटी स्विच बरा. लॅपटॉपचा ॲडॅप्टर लावायचा मोह टाळा. डबा घसरून शॉर्ट झालं तर तीन-चार अँपिअर चाकांतून जातात, प्लास्टिकचे हब वितळतात. १ अँपिअरचा फ्यूज रुळाच्या तारेत कायम ठेवा.

कार्बन_ब्रश, जळगाव

भाव ठरवताना वाफेचं इंजिन आणि पॉवर पॅक शून्यात धरा. नॉन-रनरला त्याच मॉडेलच्या चालू इंजिनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ नका, सॉकेट रिकामं असलं तरी. आणि ‘ग्रेड ए’वाल्याचा व्हिडिओ आल्याशिवाय पैसे सोडू नका.

पॅकिंगचंही आत्ताच बोलून घ्या. इंजिन आधी टिश्यू पेपरमध्ये, त्यावर बबल रॅप. बबल थेट रंगाला लागला तर उन्हात कुरिअरच्या गाडीत तापून गोल वळ उठतात, ते निघत नाहीत. रूळ वेगळ्या खोक्यात हवेत. एकत्र भरले तर त्यांची टोकं डब्यांच्या खिडक्या फोडतात.